ओळखीचा व्यवसाय

मराठीतील ‘ओळख’ हा शब्द दोन अर्थ एकाच वेळी सांभाळतो. एखाद्या माणसाशी असलेला परिचय म्हणजे ओळख, आणि त्या माणसाला इतरांपासून वेगळे करणारे, त्याचे स्वतःचे असे जे काही असते तीही ओळखच. व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत या दोन गोष्टींसाठी दोन निरनिराळ्या संज्ञा आहेत. आपल्या कामाचे वेगळेपण गिऱ्हाइकापर्यंत पोचवण्याला विपणन किंवा मार्केटिंग म्हणतात, तर ज्यांच्या उपयोगी पडता येईल आणि जे आपल्या उपयोगी पडतील अशा माणसांशी संबंध जोडून ते टिकवण्याला संपर्कजाल किंवा नेटवर्किंग म्हणतात. मोठ्या कंपनीत ही कामे दोन खात्यांकडे सोपवता येतात. परंतु घरातल्या एका खोलीत बसून कापडावर रंगकाम करणारी, आकाशकंदील बांधणारी, लग्नपत्रिका आणि मानपत्रे रेखाटणारी जी व्यक्ती स्वतःच मालक, कारागीर, विक्रेती आणि हिशेबनीस असते, तिच्या बाबतीत ही कामे वेगळी काढता येत नाहीत, कारण तिच्याकडून काही घेणारा माणूस बहुधा आधी तिला ओळखू लागतो आणि मग तिच्या वस्तूला. या प्रकारच्या व्यवसायाचा विचार करताना मराठी शब्दच अधिक नेमका ठरतो.

हा विचार रायपूरच्या शंकर नगरासारख्या वस्तीत विशेष अगत्याचा आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि रायपूर त्याची राजधानी झाले, तेव्हापासून या शहरात सरकारी कचेऱ्या, बँका, रुग्णालये आणि महाविद्यालये यांच्या निमित्ताने बाहेरून आलेल्या कुटुंबांची भर पडत गेली. शंकर नगर ही त्या शहरातील मुख्यतः निवासी वस्ती असून तेथील बीटीआय मैदानावर प्रदर्शने आणि मेळे भरतात, तर पंडरीचा कापडबाजार आणि हातमाग व हस्तकलेसाठी उभारलेला छत्तीसगड हाट फारसे दूर नाहीत. घरगुती कलाव्यवसायाला लागणारे बरेच काही येथे जवळपास आहे: खर्च करू शकणारी गिऱ्हाइके, कच्चा माल, विक्रीची जागा. तरीही अशा व्यवसायांपैकी पुष्कळसे दोन-तीन दिवाळ्यांपुरते चालतात आणि मग थांबतात. याचे कारण कसबाच्या अभावात शोधण्यापेक्षा ओळखीच्या मर्यादेत शोधावे लागते.

रायपूरची मराठी वस्ती उपरी नाही. नागपूरकर भोसल्यांच्या वतीने भास्करराम कोल्हटकर यांनी १७४१ साली छत्तीसगडवर स्वारी केली, पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपुराहून या प्रदेशाचा कारभार पाहिला, आणि १८५४ साली नागपूरचे राज्य इंग्रजांकडे गेल्यावरही रायपूर व नागपूर ही दोन्ही शहरे मध्य प्रांतात एकत्र राहिल्यामुळे नोकरी, शिक्षण आणि सोयरिकीची ये-जा चालूच राहिली. १९३५ साली स्थापन झालेले रायपूरचे महाराष्ट्र मंडळ या दीर्घ वास्तव्याची साक्ष देते. चौबे कॉलनीतील त्याच्या वास्तूखेरीज शहराच्या निरनिराळ्या भागांत मंडळाची महिला केंद्रे आहेत आणि त्यांपैकी एक शंकर नगरात आहे. नव्याने व्यवसाय सुरू करणाऱ्या मराठी स्त्रीला पहिले गिऱ्हाईक बहुधा अशाच वर्तुळात भेटते. हे वर्तुळ हा मोठा आधार आहे, आणि तेच एक मर्यादाही आहे. ती कशी, हे समजण्यासाठी हाताने घडवलेल्या वस्तूच्या बाजाराचा स्वभाव आधी पाहिला पाहिजे.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या, वापरलेल्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला, ज्यातील विचारासाठी त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की जेथे विकणाऱ्याला मालाचा कस ठाऊक असतो आणि घेणाऱ्याला तो पारखता येत नाही, तेथे घेणारा सावधगिरीने सगळ्याच मालाला कमी किंमत देऊ करतो, चांगला माल विकणाऱ्याला ती परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो, आणि मागे हलका माल तेवढा उरतो. या अवस्थेला माहितीची विषमता म्हणतात. कोशाच्या रेशमाचा बाजार हे तिचे घरचे उदाहरण आहे. अर्जुन आणि साजाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांच्या कोशांपासून मिळणारा हा धागा, त्यावर चांपा येथे होणारे विणकाम, हाताने केलेली रंगकारी, यांतील कशाचीच परीक्षा साधारण गिऱ्हाइकाला डोळ्यांनी करता येत नाही. यंत्रावर छापलेले कृत्रिम धाग्याचे कापड त्याला दुरून तसेच दिसते आणि किंमत मात्र निम्म्याहून कमी असते.

असे असेल तर स्वतःचे विपणन याचा खरा अर्थ काय, हे आपोआप स्पष्ट होते. स्वतःची स्तुती करण्याचा संकोच हा मराठी मध्यमवर्गीय घरांतील जुना संस्कार असून त्यापायी कित्येक कुशल माणसे आपले काम पुढे मांडतच नाहीत. वस्तू चांगली असेल तर लोक शोधत येतील, असे समाधान ती मानून घेतात. परंतु घेणाऱ्याजवळ पारख नसताना गप्प राहणे म्हणजे त्याला अंधारात ठेवणे होय, आणि त्याचा लाभ हलका माल विकणाऱ्यालाच मिळतो. कापडाच्या कडेचा एक धागा काढून गिऱ्हाइकासमोर जाळून दाखवावा: रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि मागे बोटांनी चुरगळता येणारी राख उरते, तर कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो. ही अर्ध्या मिनिटाची कृती कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक काम करते, कारण तिच्यात विक्रेतीने स्वतःबद्दल काहीच सांगितलेले नसते. तिने फक्त घेणाऱ्याच्या हाती पारखण्याचे साधन दिलेले असते. केंद्रीय रेशीम मंडळाने २००४ साली सुरू केलेले ‘सिल्क मार्क’ हे चिन्ह किंवा बस्तरच्या ढोकरा धातुकामाला मिळालेले भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित वस्तूच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, यांच्यामागेही हाच हेतू आहे. एकट्या कारागिराजवळ असे चिन्ह नसेल, तर अर्धवट झालेल्या कामाची छायाचित्रे, एका वस्तूला लागलेल्या तासांची नोंद, धुण्याच्या सूचनांची चिठ्ठी आणि बिघडल्यास दुरुस्त करून देण्याची हमी, हीच तिची चिन्हे होतात.

कलेच्या छोट्या व्यवसायाने ओळख कशी मिळवावी, याचे या प्रदेशातील सर्वांत बोलके उदाहरण सव्वाशे वर्षांपूर्वीचे आहे. माधवराव सप्रे यांचा जन्म १८७१ साली दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे मराठी कुटुंबात झाला, त्यांचे शिक्षण बिलासपूर आणि रायपूर येथे झाले, आणि पेंड्रा येथे राजकुमारांचे शिक्षक म्हणून काम करीत असताना जानेवारी १९०० मध्ये त्यांनी ‘छत्तीसगड मित्र’ हे मासिक सुरू केले. संपादनात त्यांच्यासोबत रामराव चिंचोलकर होते आणि प्रकाशक म्हणून रायपूरचे वामन बळीराम लाखे यांचे नाव होते. तिन्ही आडनावे मराठी आहेत. मासिक मात्र हिंदी होते. या निर्णयाकडे आजच्या व्यावसायिकाने नीट पाहावे असे त्याचे मोल आहे. भांडवल आणि भरवसा या दोन गोष्टी सप्रे यांनी आपल्या निकटच्या वर्तुळातून उभ्या केल्या, परंतु वाचक त्या वर्तुळाबाहेरचा ठरवला आणि त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणे पसंत केले. मराठीतच मासिक काढले असते तर कदाचित तिघांचे आप्तेष्ट ते आवडीने वाचत राहिले असते आणि छत्तीसगडच्या बौद्धिक जीवनात त्याची दखल मात्र क्वचितच घेतली गेली असती.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. ‘छत्तीसगड मित्र’ने इतरांच्या पुस्तकांची साक्षेपी परीक्षणे छापली, आणि हिंदीतील पुस्तक-समीक्षेच्या आरंभीच्या प्रयत्नांत त्या परीक्षणांची गणना होते. पेंड्र्यासारख्या आडबाजूच्या गावी बसलेल्या संपादकाला दूरदूरच्या हिंदी लेखकांपर्यंत पोचण्याचा यापेक्षा सरळ मार्ग सापडला नसता: त्याने आपल्याकडे लक्ष द्या असे म्हटले नाही, त्याने इतरांच्या कामाकडे मन लावून पाहिले. स्वतःच्या कामाची दखल घेतली जावी असे वाटणाऱ्या माणसाने आधी दुसऱ्याच्या कामाची दखल घ्यावी, हा संपर्क जोडण्याचा सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे, आणि त्याला पैसा लागत नाही.

या उदाहरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मासिक तीन वर्षे चालले आणि आर्थिक तोट्यामुळे १९०२ च्या अखेरीस बंद पडले. नावलौकिकाने खर्च भागत नाही, हे कटू सत्य त्यातून दिसते. तरीही त्या तीन वर्षांतली ओळख मासिकाबरोबर संपली नाही. १९०६ साली नागपुरात ‘हिंदी ग्रंथमाला’ आणि १९०७ साली ‘हिंदी केसरी’ सुरू करताना तीच सप्रे यांच्या कामी आली, टिळकांच्या ‘गीतारहस्या’चा हिंदी अनुवाद त्यांच्या हातून झाला, आणि आज भोपाळमधील वृत्तपत्रांचे मोठे संग्रहालय त्यांच्या नावाने ओळखले जाते. व्यवसाय आणि व्यावसायिकाचे नाव यांचे आयुष्य निराळे असते. पहिला प्रयत्न फसलेल्या माणसाने खचण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे की लोकांशी केलेला चोख व्यवहार हे त्या प्रयत्नातून उरणारे भांडवल असते.

आता मंडळाच्या वर्तुळाकडे परत येता येईल. मराठी समाजात स्त्रियांचे संपर्कजाल कोणी व्यवस्थापनतज्ज्ञाने निर्माण केलेले नाही. ते मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालणाऱ्या हळदीकुंकवात, भिशीत, गौरी-गणपतीच्या बोलावण्यात आणि सामूहिक स्तोत्रपठणात पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. त्यांपैकी संक्रांतीच्या वाणाची रीत व्यवसायाच्या दृष्टीने फार अर्थपूर्ण आहे. एखाद्या घरातून चाळीस जणींना वाण लुटले जाते, तेव्हा एकच वस्तू चाळीस घरांत पोचते, तीही एका परिचित घराच्या पसंतीची मोहोर घेऊन. मोठ्या कंपन्या नमुन्याच्या पुड्या वाटण्यासाठी जो खर्च करतात, त्याचे काम येथे एक सण करून जातो. खणाच्या कापडाची लहान बटवी, रंगवलेली पणती किंवा हाताने बांधलेली छोटी वही वाणासाठी करून देणाऱ्या कारागिरणीने त्या वस्तूच्या आत स्वतःचे नाव आणि फोन क्रमांक असलेली चिठ्ठी घातली नाही, तर चाळीस घरांत वस्तू राहते आणि ती करणारीचे नाव कोठेच राहत नाही. अशी चिठ्ठी घालण्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. चित्रकार चित्राच्या कोपऱ्यात सही करतो, त्यातलाच हा प्रकार आहे. हळदीकुंकवाच्या समारंभातून विधवा स्त्रियांना वगळण्याची रूढी जेथे अजून उरली असेल, तेथे ती सोडून देणे हे माणुसकीचे तर आहेच, शिवाय स्वतःच्या कमाईची सर्वाधिक गरज असलेल्या स्त्रीलाच या ओळखीच्या जाळ्याबाहेर ठेवण्याचा अन्यायही त्याने थांबतो.

मर्यादा येते ती यापुढे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली ‘दुबळ्या बंधांचे बळ’ या आशयाचा एक निबंध प्रसिद्ध केला. दाट मैत्री व नाते यांना त्यांनी बळकट बंध म्हटले, तर वर्षातून एखाद-दोनदा भेटणाऱ्या माणसाशी असलेल्या परिचयाला दुबळा बंध. बॉस्टनजवळील न्यूटन गावात ओळखीतून नवी नोकरी मिळालेल्या ५४ जणांना त्यांनी विचारले की ज्याच्याकडून माहिती मिळाली तो त्या काळात किती वेळा भेटत असे. ‘वारंवार’ असे सांगणारे १६.७ टक्के निघाले, ‘अधूनमधून’ असे सांगणारे ५५.६ टक्के, आणि ‘क्वचित’ असे सांगणारे २७.८ टक्के. पाहणी लहान होती, पण तिच्यामागचा तर्क सहज पटण्याजोगा आहे. जे एकमेकांना रोज भेटतात त्यांना एकमेकांना ठाऊक असलेल्याच गोष्टी ठाऊक असतात. नवी बातमी, नवे गिऱ्हाईक, नवी संधी ही बहुधा अशा माणसाकडून येते, ज्याचे उठणे-बसणे दुसऱ्याच लोकांत असते. दोन वर्तुळांना जोडणारा असा परिचय म्हणजे पूल, असे ग्रॅनोव्हेटर म्हणतात. शंकर नगरातील मराठी कारागिरणीच्या व्यवसायाला हे जसेच्या तसे लागू पडते. एकाच केंद्रातील पन्नास-साठ घरांत पाच जणी आकाशकंदील करू लागल्या, तर त्या एकमेकींची गिऱ्हाइके वाटून घेतात, भाव पाडतात आणि मन खट्टू करून घेतात; आणि पलीकडच्या गल्लीतील गुजराती, सिंधी, बंगाली, ओडिया किंवा छत्तीसगडी कुटुंबाला आकाशकंदील मिळतो कोठे, हे ठाऊकच नसते.

पूल बांधण्यासाठी दोन्ही काठांना भिडणारी वस्तू लागते, आणि विदर्भ व छत्तीसगड यांच्यात अशा वस्तू मुबलक आहेत. कोसा हा शब्दच दोन्हीकडे एक आहे: चांपाच्या कोशाला छत्तीसगडी माणूस जसा ओळखतो, तशी भंडाऱ्याकडची कोशाची करवती साडी वैदर्भी स्त्रीला परिचित असते, आणि दोन्ही वस्त्रांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पोळ्याला छत्तीसगडात पोरा म्हणतात. त्या दिवशी तेथे मातीचे बैल आणि मुलींसाठी मातीची भांडीकुंडी विकायला येतात, तर नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी नंदी सजवून मिरवतात. नंदी रंगवण्याचे कसब असलेल्या रायपूरच्या कलाकाराला एकाच आठवड्यात दोन समाजांचे गिऱ्हाईक मिळू शकते, मात्र त्याने दोन्ही प्रथा जाणून घेतल्या पाहिजेत आणि पोऱ्याचा बैल कुंभाराने करावा, आपण तो रंगवावा, अशी भागीदारी करण्याची तयारी ठेवली पाहिजे. त्या कुंभाराशी जुळलेला संबंध हाही संपर्कजालाचाच भाग आहे. नेटवर्किंग म्हटले की आपल्यापेक्षा मोठ्या माणसांशी हस्तांदोलन करणे, असा एक समज पसरला आहे. कलाव्यवसायाचे खरे जाळे मात्र कापड पुरवणारा, लाकूड कापणारा, छपाई करणारा, पॅकिंगचे खोके देणारा आणि माल पोचवणारा यांच्याशी वेळेवर पैसे चुकते करून विणले जाते.

भाषेचा प्रश्न येथे बारकाईने पाहिला पाहिजे. मराठी आणि हिंदीची लिपी एक असल्याने रायपूरच्या मराठी व्यावसायिकाला पाटी एकच पुरते, ही मोठी सोय आहे. पण तीच फसवीही ठरू शकते. व्यवसायाच्या नावात ‘ळ’ असेल तर हिंदी वाचक अडखळतो किंवा त्याचा ‘ल’ करतो, आणि फोनवर नाव सांगताना किंवा शोधताना गोंधळ होतो. मराठीत ‘चेष्टा’ म्हणजे थट्टा, हिंदीत प्रयत्न. मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण. त्यामुळे एका भाषेतला मजकूर दुसरीत जसाचा तसा उतरवणे धोक्याचे असते. त्याहून मोठी अडचण अशी की ‘आकाशकंदील’, ‘खण’, ‘वाण’ हे शब्द मराठी मनात जे चित्र उभे करतात, ते शेजाऱ्याच्या मनात उभे राहत नाही. त्याला वस्तू विकण्याआधी वस्तूची गोष्ट सांगावी लागते: हा कंदील दिवाळीत दाराशी उंच का टांगतात, खणाचे कापड मुळात चोळीसाठी का विणले गेले. ज्याला ही गोष्ट गिऱ्हाइकाच्या भाषेत, दोन-तीन वाक्यांत सांगता येते, त्याची वस्तू शेजाऱ्याच्या घरात जाते.

मराठी उद्योगविश्वाने हे फार पूर्वी ओळखले होते. चित्रकलेचे शिक्षण घेतलेले शंकरराव किर्लोस्कर यांनी १९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे लहानसे मासिक सुरू केले, ते कारखान्याच्या मालाची ओळख करून देण्यासाठी. पण त्यांना लवकरच दिसले असावे की शेतकरी आणि त्याचे कुटुंब नुसत्या नांगराच्या गुणवर्णनासाठी मासिक वाचणार नाही. त्यात उपयुक्त माहिती, विचार आणि साहित्य येत गेले, नावातील ‘खबर’ गळून पडले, आणि ‘किर्लोस्कर’ हे महाराष्ट्राच्या वैचारिक जीवनातील एक मान्यवर मासिक झाले. आज फोनवर दररोज आपल्या वस्तूंची वीस-वीस छायाचित्रे पाठवणाऱ्या छोट्या व्यावसायिकाने या इतिहासाकडे पाहावे. कोशाची साडी कशी धुवावी, रंगवलेला नंदी पुढच्या वर्षापर्यंत कसा ठेवावा, रांगोळीत कोणता रंग ओला झाल्यावर पसरतो, असे काही उपयोगाचे सांगणारा संदेश लोक जपून ठेवतात; नुसती किंमत सांगणारा पुसून टाकतात. व्हॉट्सॲपवरील ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी २५६ जणांना संदेश जातो, पण तो पोचतो फक्त त्यांना, ज्यांनी पाठवणाऱ्याचा क्रमांक आपल्या फोनमध्ये साठवलेला असतो. यंत्रानेच घातलेली ही अट फार मार्मिक आहे: समोरच्याने आपले नाव आपणहून लिहून ठेवले असेल, तरच आपला शब्द त्याच्यापर्यंत जातो. म्हणून प्रदर्शनातील स्टॉलवर भेटलेल्या माणसाचा क्रमांक मागून घेण्याबरोबरच त्याला आपला क्रमांक तेथेच साठवून घेण्याची विनंती करणे हे शंभर पत्रके वाटण्यापेक्षा फलदायी असते.

ओळखीच्या व्यवसायाला सर्वाधिक इजा होते ती किमतीच्या बाबतीत, आणि या विषयावर घराघरांत पुरेसे मोकळेपणाने बोलले जात नाही. समजा, हाताने रंगवलेल्या एका कोशाच्या स्टोलसाठी कापड ९०० रुपयांचे लागले, रंग व पॅकिंग १५० रुपये, वीज, प्रवास आणि स्टॉलच्या भाड्याचा वाटा १३० रुपये, आणि सहा तास काम झाले, ज्याची मजुरी ताशी १२० रुपयांनी ७२० रुपये होते. ही वस्तू १९०० रुपयांना पडते, आणि त्यात नफा अजून धरलेलाच नाही. तीच ‘आपल्यातलीच आहे’ म्हणून १२०० रुपयांना दिली, तर सहा तासांच्या कौशल्याचे मोल अवघे २० रुपये उरते. नुकसान तेवढ्यावर थांबत नाही, कारण ज्या जाळ्यातून वस्तूची वार्ता पसरते त्याच जाळ्यातून किमतीचीही पसरते, आणि पहिल्या मैत्रिणीला सांगितलेला भाव हाच मग सगळ्यांच्या लेखी खरा भाव ठरतो. नात्याचा मान ठेवायचाच असेल तर किंमत कमी करण्याऐवजी सोबत एखादी लहान भेटवस्तू द्यावी, ऑर्डर आधी पूर्ण करावी किंवा दुरुस्ती विनामूल्य करून द्यावी. लेखी भाव मात्र सर्वांना एकच असावा आणि मोठ्या ऑर्डरीसाठी इसार घेण्यात संकोच नसावा. गिऱ्हाईकही मैत्रीण असते तेव्हा इसाराची पावती दोघींचे नाते सांभाळते.

कायद्याच्या दोन गोष्टी थोडक्यात. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू असून ती ऑनलाइन आणि पूर्णपणे विनाशुल्क आहे, त्यामुळे तिच्यासाठी शुल्क मागणाऱ्या मध्यस्थाची गरज नाही. व्यवसायाचे नाव किंवा चिन्ह नोंदवून घेतले, म्हणजेच ट्रेडमार्क मिळवला, तर त्याचे संरक्षण दहा वर्षे टिकते आणि पुढे नूतनीकरण करता येते. नाव लोकांच्या तोंडी बसल्यावर ते दुसऱ्याने उचलल्याचे लक्षात येण्यापेक्षा आधीच हे केलेले बरे.

नावाचा प्रश्न आणखी एका ठिकाणी येतो, आणि तेथे तो नीतीचा प्रश्न होतो. शहरातील रचनाकार पुष्कळदा कोंडागावच्या ढोकरा कारागिराकडून मूर्ती करवून घेतात. मेणाचा नमुना करून त्यावर मातीचा लेप द्यायचा, भाजताना मेण वितळून बाहेर काढायचे आणि त्या पोकळीत वितळलेले पितळ ओतायचे, अशी ही पद्धत असून प्रत्येक मूर्तीचा साचा फोडावा लागत असल्याने कोणत्याही दोन मूर्ती तंतोतंत सारख्या होत नाहीत. शंकर नगरातील दिवाणखान्यात ती मूर्ती पोचते तेव्हा तिच्यावर दुकानाचे नाव असते, क्वचित रचनाकाराचे असते, आणि ज्याचे हात भाजले त्याचे बहुधा नसते. स्वतःच्या ओळखीसाठी धडपडणाऱ्या माणसाने दुसऱ्याची ओळख पुसू नये. कारागिराचे नाव व गाव चिठ्ठीवर लिहिल्याने गिऱ्हाईक परस्पर त्याच्याकडे जाईल, ही भीती फारशी खरी नाही. उलट नावागावासह आलेली वस्तू अधिक विश्वसनीय वाटते आणि तिला अधिक किंमत मिळते.

छत्तीसगडातील सोनाबाई रजवार यांचे आयुष्य या संदर्भात आठवावे असे आहे. सरगुजा जिल्ह्यातील पुहपुटरा गावी ही स्त्री वर्षानुवर्षे जवळजवळ एकांतात राहिली, आणि आपल्या लहान मुलाला खेळणी म्हणून तिने मातीचे प्राणी-पक्षी केले, घराच्या भिंतींवर उठावाची चित्रे आणि मातीच्या जाळ्या घडवल्या. १९८२ साली भोपाळला भारत भवन सुरू झाले. त्याच्या संग्रहासाठी फिरणाऱ्या पथकाच्या दृष्टीस हे घर पडले आणि त्यानंतर सोनाबाईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यांची कला परदेशातील संग्रहालयात पोचली. चांगले काम लोक शोधत येतात, असे म्हणणाऱ्यांना हे उदाहरण सोयीचे वाटेल. वास्तविक ते उलटच सांगते: ते पथक दुसऱ्या रस्त्याने गेले असते तर ती भिंत पावसात विरघळून गेली असती, आणि अशा किती भिंती विरघळल्या याचा हिशेब कोणाजवळच नाही. सोनाबाईंनी पुढे आपली कला गावातील इतरांना शिकवली आणि एका घरापुरती असलेली कला आसपासच्या वस्तीची ओळख झाली. मिळालेली ओळख वाटल्याने वाढली, याचे यापेक्षा चांगले उदाहरण या राज्यात सापडणार नाही.

म्हणून येत्या संक्रांतीला घरी वाण येईल किंवा बीटीआय मैदानावरच्या एखाद्या प्रदर्शनात हाताने केलेली वस्तू आवडेल, तेव्हा वाचकांनी ती करणारीचे नाव विचारावे, सांगितलेली किंमत घासाघीस न करता द्यावी, आणि ते नाव आपल्या वर्तुळाबाहेरच्या किमान एका माणसाला सांगावे.